बॉयलरच्या तोंडाशी

माझा थोरला मामा बुधाजी एकोणीसशे सव्वीस साली कंपनीत उमेदवार म्हणून, म्हणजे काम शिकायला, लागला. कंपनी आगबोटींची होती. तिच्या मोठ्या बोटी मुंबईहून सुटून मुरूड, दिघी, श्रीवर्धन करत खाली गोव्यापर्यंत जात आणि लहान लाँची खाड्याखाड्यांतून उतारू नेत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की या लाँची आणि लहान बोटी करंजाच्या खाडीत कंपनीच्या गोदीत दुरुस्तीला येत. आमचं गाव उरणजवळ, गोदीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. भोंगा वाजला की घरात ऐकू यायचा.

गावातल्या बाकी पोरांसारखा मामाही मिठागरावरच गेला असता. त्याचा बापूस, म्हणजे माझा आजा काळूराम, जन्मभर मिठागरावर राबला होता. उन्हाळाभर पांढऱ्याशुभ्र मिठावरून परतणाऱ्या उन्हाकडे बघून बघून त्याची नजर मंद झाली होती. समोरचा माणूस अगदी जवळ येऊन बोलल्याशिवाय त्याला ओळखू येत नसे. पोरगा मराठी सातवी झाला तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं की तो आता तलाठ्याच्या हाताखाली जाईल, नाहीतर शाळेत मास्तर होईल. आज्याचा विचार वेगळा होता. गोदीवर लोखंडी छप्पर आहे आणि माणसं त्याच्याखाली काम करतात, एवढं त्यानं ऐकलं होतं. त्याला तेवढंच पुरे होतं. एक दिवस तो पोराच्या खांद्यावर हात ठेवून गोदीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. फाटकावरच्या कारकुनानं काय पाहिजे म्हणून विचारलं तर म्हणाला, "माझे डोले त गेले. ह्याला सावलीत काम द्या."

कारकून हसला, पण त्यानं आत वर्दी दिली. गोदीच्या गोऱ्या साहेबानं मामाचे हात उलटेपालटे करून पाहिले, दोन ओळी वाचून घेतल्या आणि त्याला पाच वर्षांच्या उमेदवारीवर घेतलं.

गोदीत प्रत्येक उमेदवाराला एका मिस्त्रीच्या हाताखाली देत. पुष्कळसे मिस्त्री उमेदवाराला चहा आणायला धाडायचे, चिलीम भरायला सांगायचे आणि हातातलं कसब मात्र पोराकडे पाठ करून वापरायचे. मामा ज्यांच्या हाताखाली गेला ते अब्बास मिस्त्री दिघीचे. उंच, वाळके, डोक्याला गोल टोपी, दाढी पिकलेली. तरुणपणी ते मोठ्या जहाजांवर आगवाले होते. भट्टीत कोळसा मारत मारत ते इंजिनाचं काम शिकले होते. दुपारची नमाज ते लेथच्या पडवीमागे पढत, आणि तेवढा वेळ त्यांची हत्यारं मामाच्या ताब्यात असत.

पहिले कित्येक महिने मामानं एकच काम केलं. मिस्त्रींनी त्याला लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा दिला, एक कानस दिली आणि याचा चौकोन कर म्हणून सांगितलं. मामा घासायचा. तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे. संध्याकाळी तो तुकडा मिस्त्रींच्या हातात द्यायचा. मिस्त्री त्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून उजेडाकडे धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसायचीच. मिस्त्री तुकडा परत करत. एके संध्याकाळी त्यांनी तुकडा उजेडाकडे धरला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि स्वतःच्या खिशात टाकून चालू लागले. मामा सांगायचा की त्या दिवशी घरी येताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

खरं काम दुसऱ्या पावसाळ्यात सुरू झालं. लाँचींचे बॉयलर उघडले की आत खाराचा जाड थर धरलेला असायचा. पाण्याची वाफ होऊन जाते आणि पाण्यातला खार लोखंडाला चिकटून राहतो. मामानं हे घरी सांगितलं तेव्हा आजा खो खो हसला. मिठागरात ऊन करतं तेच इथं भट्टी करते, म्हणाला. फरक इतकाच की आम्ही तो जपून गोळा करतो आणि तुमची कंपनी तो खरवडून फेकते.

हा खार हातोडीनं ठोकून काढायचा, तर माणसाला बॉयलरच्या आत जावं लागे. आत जायचं तोंड लहानसं, अंडाकृती. आधी एक हात, मग डोकं, मग अंग तिरपं करून दुसरा खांदा. आत बसता येत नसे, उताणं किंवा कुशीवर पडूनच ठोकावं लागे. दिवा धुरकट आणि आवाज असा की हातोडी आपल्याच डोक्यात पडतेय असं वाटावं. अंगानं बारीक म्हणून मामाला पाठवलं. तो आत गेला, थोडा वेळ त्यानं ठोकलंही. मग खाराचा एक पापुद्रा दिव्यावर पडला आणि दिवा विझला.

मामाला वाटलं, संपलं. तो तोंडाच्या दिशेनं सरकला, पण घाईत दोन्ही खांदे एकदम घातले आणि अडकला. जितका जोर करावा तितका जास्त रुतत गेला. तो ओरडायला लागला. मिस्त्री धावत आले. त्यांनी ओढाताण केली नाही. मामाच्या गालाला हात लावून ते तिथंच चिखलात बसले आणि दिघीच्या खाडीबद्दल बोलायला लागले. समोर आगरदांडा कसा दिसतो, भरती लागली की खाडी ओलांडणाऱ्या तरीचा तांडेल होडी कशी वरच्या अंगानं घालतो, त्यांच्या परसात फणस किती मोठा आहे. मामाला शब्द कळत नव्हते, नुसता आवाज कळत होता. हळूहळू श्वास जागेवर आला. मग मिस्त्रींनी त्याला पुन्हा आत सरकायला लावलं, एक हात आधी बाहेर काढायला सांगितलं, आणि तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पण मामा घरातून हलला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आषाढातली लावणी चालू होती. तो घरच्या माणसांबरोबर खारजमिनीतल्या शेतात उतरला आणि वाकून रोपं लावायला लागला.  माझी आजी सखुबाई मनातून सुखावली होती. पोरगा हातापायानं धड परत आला, तिला आणखी काही नको होतं.

पुढची हकीकत मला माझ्या आईनं सांगितली. माझी आई कमळ, मामाची धाकटी बहीण. तिच्या आठवणीप्रमाणे तो बाजाराचा दिवस होता. बांधावरून एक उंच माणूस छत्री सावरत, वहाणा हातात धरून येताना तिला दिसला. अब्बास मिस्त्री गोदीतून रजा घेऊन चिखल तुडवत आले होते. आजीनं त्यांना ओटीवर बसायला घोंगडी घातली. मुसलमान माणसाला कुठल्या भांड्यात द्यावं याचा ती क्षणभर विचार करत उभी राहिली. मग आत जाऊन घरातला सगळ्यात चांगला पितळी पेला घेऊन आली आणि त्यातून त्यांना गूळ घातलेला कोरा चहा दिला. आई म्हणायची, तो पेला त्यानंतर मिस्त्रींचाच झाला.

मामा शेतातून आला, हातपाय न धुताच समोर उभा राहिला. त्याला वाटलं आता बोलणी खावी लागणार. मिस्त्रींनी चहा संपवला आणि म्हणाले, "बुधाजी, मला पण डर वाटतो. आगवाला होतो तेव्हाही वाटायचा, आजही वाटतो. आत जाताना माझी छाती धडधडते."

मामाला ते खरं वाटेना. इतकी वर्षं काम करून?

"इतकी वर्षं करून," मिस्त्री म्हणाले. "कोणाला सांगितलं नाही, एवढंच. आता असं करू. आत मी जाईन. तू तोंडाशी बसायचं आणि बोलत राहायचं. गप्प बसायचं नाही. बाहेर माणूस बोलतोय हे ऐकू आलं की आतल्याला धीर असतो. जमेल तुला?"

आजी आतून ऐकत होती. बोलायलाच बोलावतायत तर जा, असं तीच मामाला म्हणाली.

तर अशा रीतीनं माझा मामा पुन्हा कामावर गेला आणि बॉयलरच्या तोंडाशी बसून बडबडू लागला. मिस्त्री आत हातोडी चालवत, हा बाहेर बोलत असे. पहिल्या दिवशी त्यानं गावातल्या सगळ्या बातम्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी कोणाच्या जाळ्यात काय लागलं ते सांगितलं. मग बोलण्यासारखं काही उरेना. त्यानं पाढे म्हटले. शाळेतल्या कविता म्हटल्या. त्याही संपल्या तेव्हा त्यानं घरी येऊन बहिणीला गळ घातली की मला धवले शिकव. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. हळद दळण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक कामाला एकेक, आणि इतकी लांब की ती गाणारी धवलारीण रात्रभर गात राहिली तरी सरू नयेत. ती बायकांनीच गायची असतात. आईला हसू आवरेना, पण तिला येत होते तेवढे तिनं शिकवले, आणि बाकीचे शेजारच्या भागुबाईकडून आणून दिले.

गोदीतल्या लोकांना ऐन श्रावणात, कोळशाच्या ढिगाऱ्याशेजारी मांडव घातल्याची गाणी ऐकू यायला लागली. त्यांनी मामाची खूप थट्टा केली. त्याचं नावच धवलारीण पडलं. मिस्त्री आतून प्रत्येक कडवं संपलं की हातोडीचे दोन ठोके मारत. म्हणजे ऐकतोय, पुढं चालू दे.

त्याच पावसाळ्यात मिस्त्री एकदा म्हणाले की बाहेरून नीट ऐकू येत नाही, जरा डोकं आत घालून म्हण. मामानं घातलं. काही दिवसांनी म्हणाले, खांद्यापर्यंत ये. मामाला त्यांची युक्ती कळत होती, पण ती कळूनही तो जात राहिला. पुढच्या वर्षी तो पुरा आत जाऊ लागला. त्या वेळी बाहेर मिस्त्री बसत आणि दिघीबद्दल बोलत. मामानं दिघी पाहिली नव्हती, तरी तिथल्या प्रत्येक घराची दिशा त्याला ठाऊक झाली होती.

उमेदवारीचं शेवटचं वर्ष आलं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्यानंतर समुद्र खुला होतो, त्यामुळे गोदीत सगळीकडे घाई होती. एक लाँच बरेच महिने पडून होती, तिचा बॉयलर तेवढा राहिला होता. असा फार दिवस बंद राहिलेला बॉयलर उघडला की तो एक रात्र तरी उघडा ठेवायचा, अशी मिस्त्रींची स्वतःचीच शिस्त. त्या दिवशी ती त्यांनी मोडली. सकाळी झाकण काढलं आणि मामाला न धाडता लगेच स्वतःच आत गेले.

मामा तोंडाशी बसून धवला म्हणत होता. पहिलं कडवं झालं, दोन ठोके आले. दुसरं झालं, एकच ठोका आला. तिसरं झालं आणि काहीच आलं नाही.

मामानं हाक मारली. पुन्हा मारली. मग तो उठून लोकांना ओरडून बोलावू लागला, आणि माणसांनी दोर आणताच त्याचं टोक धरून खाडीत बुडी मारताना भरून घेतात तसा छातीभर श्वास घेऊन आत शिरला. आपण घाबरलो होतो का, हे त्याला नंतर कधीच आठवलं नाही. आत मिस्त्री कुशीवर पडले होते, हातातली हातोडी सुटली होती. मामानं त्यांच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली आणि त्यांचा एक हात तोंडातून बाहेर काढून दिला. बाहेरच्यांनी तो धरला. एक हात, मग डोकं, मग अंग तिरपं. मिस्त्री बाहेर निघाले तेव्हा मामाचा श्वास संपला होता. त्याला दोघांनी एका हाताला धरून ओढून काढलं.

दोघंही पावसाच्या भुरभुरीत ओल्या जमिनीवर आडवे पडले होते. कोणीतरी मिस्त्रींची छाती चोळत होतं, कोणी तोंडावर पाणी मारत होतं. बराच वेळ त्यांचा श्वास नीट येईना. मग खोकल्याची मोठी उबळ आली, त्यांनी डोळे उघडले, मामाकडे पाहिलं आणि पुटपुटले, "तिसरं कडवं मला ऐकू नाही आलं."

तेव्हा कुठं मामा उठून बसला. तो सगळ्यांसमोर रडला. थट्टा करायला कोणी पुढं आलं नाही.

साहेब येऊन पोचला. आधी तो चिडला, कोणी घाई करायला सांगितली म्हणून विचारू लागला. मिस्त्रींनी चूक माझीच म्हणून सांगितलं. साहेबानं मग सगळ्यांना समजावलं की बंद बॉयलरच्या आतलं लोखंड गंजताना तिथली हवा खाऊन टाकतं. माणसाला काही कळायच्या आत शुद्ध जाते. त्या दिवसापासून त्यानं हुकूम काढला की बॉयलर रात्रभर उघडा ठेवल्याशिवाय आत उतरायचं नाही, आणि बाहेर बोलणारा माणूस बसवल्याशिवाय तर कधीच नाही. हुकूम साहेबाचा होता, पण गोदीतल्या माणसांनी त्याला आपलं नाव दिलं. आत जाणारा आधी विचारी, "धवला लावला का?" बाहेर बसलेला मग ज्याला जे येईल ते सुरू करी. कोणी अभंग म्हणे, कोणी तमाशातली लावणी, एक जण तर बायकोची गाऱ्हाणी सांगत बसे.

त्याच सुमारास मंदी आली. कंपनीनं पुष्कळ माणसं कमी केली, उमेदवारी पुरी झालेल्या पोरांना घरी पाठवलं. साहेबानं मामाला ठेवून घेतलं, आणि फिटर केलं. मामाला त्या साहेबाबद्दल शेवटपर्यंत आदर होता. पुढं स्वराज्याच्या गोष्टी निघाल्या की तो त्यातही हिरिरीनं बोलायचा, पण आमच्या साहेबाचं नाव घेऊ नका, असं मध्येच बजावायचा. मिस्त्रींची छाती मात्र पहिल्यासारखी झाली नाही. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. त्यांनी काम सोडलं आणि ते दिघीला जाऊन राहिले. जाताना त्यांनी आपली हत्यारांची पेटी मामाच्या हवाली केली. मामा नको नको म्हणत होता. मिस्त्री म्हणाले की नमाजेच्या वेळी तूच सांभाळत होतास, आता माझी नमाज जरा लांबणार आहे, एवढंच समज.

माझ्या आईचं लग्न तेहतीस साली झालं. मामानं दिघीला निरोप धाडला होता, पण इतक्या लांबून मिस्त्री येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते बायकोला घेऊन आले, बरोबर नारळ आणि एक भला मोठा फणस. मांडवात धवलारीण गायला बसली. मिस्त्री पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. गाणी सुरू झाली तशी आईचं लक्ष तिकडं गेलं. ती हळद लागलेली, मान खाली घालून बसलेली, तरी तिनं पाहिलं. मिस्त्रींचे ओठ हलत होते. एकूण एक कडवं त्यांना पाठ होतं. एका ठिकाणी धवलारीण अडखळली तेव्हा त्यांनी पुढचा शब्द सांगितला आणि बायकांच्या घोळक्यात एवढा हशा झाला की गाणं थोडा वेळ थांबवावं लागलं.

पुढं दोन वर्षांनी मामा लाँचीच्या इंजिन-ड्रायव्हरची परीक्षा पास झाला आणि कंपनीनं त्याला दिघीच्या खाडीतल्या लाँचीवर नेमलं. त्याचं तुळशीमामीशी नुकतंच लग्न झालं होतं. परक्या गावात कुठं उतरायचं हा प्रश्नच आला नाही. मिस्त्रींनी आधीच आपल्या घराची खाडीकडची खोली झाडून, सारवून ठेवली होती. भाडं घेणार नाही म्हणाले. त्यावरून मामाचं आणि त्यांचं भांडण झालं, आणि शेवटी असं ठरलं की मामानं विहिरीचा रहाट दुरुस्त ठेवायचा.

मामीला सुरुवातीला ते घर जड गेलं. चूल वेगळी होती, तरी अंगण एक, विहीर एक. ती उरणकडची, आगरी बोलणारी. मिस्त्रींच्या बायकोची, म्हणजे चाचीची, बोली कोकणी मुसलमानी. दोघी पहिले काही दिवस हातवारे करूनच बोलायच्या. चाचीला मूलबाळ नव्हतं. मामीला दिवस गेले तेव्हा चाचीनं तिला पाणी भरू दिलं नाही, की जात्यावर बसू दिलं नाही. मामीचं माहेर दूर, खाडीला उधाण, सुईण आगरदांड्याला राहणारी आणि खाडी ओलांडणारी होडी बंद. त्या अडचणीत चाचीनं कमरेला पदर खोचला आणि बाळंतपण स्वतःच्या हातानं केलं. बाहेर पडवीत मामा आणि मिस्त्री बसले होते. मिस्त्री सारखे खोकत होते आणि मधूनमधून मामाला काहीतरी विचारत होते. इंजिनाच्या पिस्टनची कडी बदललीस का, तेल कुठलं वापरतोस. मामा उत्तरं देत होता. ती उत्तरं काय होती ते त्याला नंतर सांगता आलं नाही.

मुलगी झाली. तिचं नाव कोकिळा ठेवलं. चाचीनं तिला न्हाऊमाखू घालून आणून मिस्त्रींच्या मांडीवर दिलं. मिस्त्री जन्मभर लोखंड हाताळलेले, त्यांना बाळ कसं धरायचं ते कळेना; ते हात जरासुद्धा न हलवता तसेच बसून राहिले. मामा मला सांगायचा की तोवर त्याला वाटत होतं, मिस्त्रींनी आपल्याला काम शिकवलं त्याची आपण थोडी तरी फेड केली. त्या दिवशी पडवीत बसल्यावर त्यानं फेडीचा विचारच सोडून दिला.

कोकिळा सात-आठ वर्षांची होईपर्यंत त्या अंगणात वाढली. सुट्टीत ती उरणला आली की आजीच्या घरातल्या पोरांना तिचं बोलणं कळायचं नाही, ती आगरीत सुरुवात करायची आणि अर्ध्या वाक्यात दिघीच्या बोलीवर जायची. आजीनं मामाला एकदा विचारलंही की ही पोर नक्की कोणाची. मामा म्हणाला, दोन्ही घरची.